हातचा

माझ्याकडे एक घड्याळ आहे, ते वेळ सांगत नाही.
एक मिनिट मोजतं, चिरकतं, गप्प होतं.
तेवढ्या मिनिटात मी बाळाचं पोट बघतो.

मासे वाळत घातलेल्या मचाणांपलीकडे सरोवर.
मलावीच्या या टोकाला दवाखाना म्हणजे
एक लाकडी पेटी,
आणि सायकल धड असली तर मी.

सोमवारी न्यागोंद्वे आली, दोन वर्षांचा नातू पाठीला बांधून.
नाक वाहतंय, खोकला, रात्रभर किरकिर.
मी मोजलं: चौतीस.
ती रोखून बघत होती म्हणून पुन्हा मोजलं: तेहतीस.
"सर्दी आहे, आजी. गोळ्या नकोत.
पाणी पाजत राहा, ऊब द्या,
धाप लागली तर मात्र तशाच धावत या."
"दोन तास चालत आले," ती म्हणाली.
"तुझी पेटी भरलेली आहे, मला दिसतेय."

पेटी भरलेली होती.
गोळ्या कशा द्यायच्या ते मला सहा दिवस शिकवलं होतं.
नाही कसं म्हणायचं, त्याला एक दुपार.
परत जाताना ती माझ्याबद्दल जे बोलली
ते संध्याकाळपर्यंत माझ्या दारात पोचलं.

मंगळवारी म्विझाचा लुम्बानी. दीड वर्षाचा.
हा रडत नव्हता. तेच मला आवडलं नाही.
चोपन्न.
बरगड्यांखाली खड्डा पडत नव्हता, दूध ओढत होता,
नाहीतर बोटीत बसवून इस्पितळात धाडला असता.
"कुठल्या औषधानं कधी पुरळ उठलं? ओठ सुजले?"
"औषध असं कधी दिलंच नाही."

अमॉक्सिसिलिन. वीस गोळ्या.
दोन सकाळी, दोन रात्री, पाच दिवस.
पाकिटावर मी सूर्य काढला, चंद्र काढला.
चंद्र जरा केळ्यासारखा झाला.
उकळून गार केलेलं चमचाभर पाणी, त्यात गोळी
भिजल्या ढेकळासारखी विरत गेली.
पहिली मात्रा माझ्यासमोर. त्यानं थुंकली.
पेटीतून वरच्या दोन काढल्या, पुन्हा दिली.
मग अर्धा तास आम्ही दोघं
त्याच्या ओठांकडे बघत बसलो,
आणि ओठ नुसते ओठच राहिले.

गुरुवारी दुपारी गेलो तर लुम्बानी कोंबडीमागे.
त्याला पकडून निजवायलाच दहा मिनिटं गेली.
बत्तीस.
म्विझानं फडक्याची गाठ सोडली.
दहा असायला हव्या होत्या. बारा होत्या.

"बरा झाला ना," ती म्हणाली. "सकाळच्या ठेवून दिल्या.
पावसाळ्यात धाकटीला लागल्या तर?
आणि चार न्यागोंद्वेला कबूल केल्यात."

मी तिच्यावर ओरडणार होतो.
पण मक्याचं बी, सुकी मासळी, रागातला शेवटचा शब्द,
हातचं राखून ठेवणाऱ्यांचीच घरं इथं तगतात.
हे तिला माझ्या आधीपासून ठाऊक आहे.

"चार गोळ्या म्हणजे एक दिवस," मी म्हटलं.
"एका दिवसानं कुणाचीच छाती बरी होत नाही.
तो नातू तर आजारीही नाही तसा.
धाकटीला काय होईल ते अजून झालेलं नाही.
होईल तेव्हा मी येईन, मोजीन.
या बारा याच्या आहेत.
कोंबडी पकडली म्हणून छाती रिकामी झाली असं नसतं."

ती काही बोलली नाही. चमचा घेऊन आली.
सकाळची मात्रा दुपारी गेली,
केळ्यासारखा चंद्र मात्र आपल्या वेळेला.
मात्रा म्हणजे गोळी तेवढी नव्हे,
दोन गोळ्यांमधलं वाट बघणंही.

तिथून सायकल दामटत चढावरच्या न्यागोंद्वेकडे,
कबूल केलेल्या चार गोळ्या येणार नाहीत हे सांगायला.
नातू अंगणात माती खात होता. नाक कोरडं.
तिनं माझं सगळं ऐकून घेतलं,
मग माझ्या हातातून घड्याळ काढून घेतलं,
बटण दाबलं,
आणि माझ्या सदऱ्याकडे बघत ओठांत पुटपुटू लागली.
घड्याळ चिरकलं.

"एकेचाळीस," ती म्हणाली.
"पेटी उघड. तुलाच लागतायत."

मी पाणी मागितलं.